बूड न टेकणारी मुलं आणि त्यांच्या आया



नाशिकरोडला बिटको चौकातून जेल रोडला वळलं की रिक्षा, भाजीच्या गाड्या आणि क्लासच्या पाट्या यांच्या गर्दीत तुरुंगाकडे कुणाचं लक्ष जात नाही. आमचंही जात नव्हतं. या तुरुंगात १९३३ सालच्या फेब्रुवारीत, ९ तारखेला, एका कैद्यानं एक पुस्तक लिहायला घेतलं आणि १३ तारखेला ते पुरं केलं. अवघे पाच दिवस. कैदी म्हणजे साने गुरुजी आणि पुस्तक म्हणजे ‘श्यामची आई’. १९३५ मध्ये ते छापून आलं, १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला आणि त्या सिनेमाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. मराठी घरात आई कशी असावी, हे त्यानंतर वेगळं सांगायची गरजच उरली नाही.

पुस्तकाबद्दल आमची तक्रार नाही. आम्ही सगळ्यांनी ते वाचलंय, रडून वाचलंय. तक्रार आहे ती लोकांनी त्यातून केलेल्या फूटपट्टीबद्दल. मूल गुणाचं निघालं तर आई श्यामच्या आईसारखी. नाही निघालं तर आईच कुठंतरी कमी पडली.

आज बोलणाऱ्या आम्ही आठजणी आहोत. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. आमच्यातली एक सातपूरच्या कारखान्यात पाळीवर जाते, एक ओझरहून येते, दोघी शिक्षिका आहेत, एकीची द्राक्षाची बाग आहे. आम्हाला बांधून ठेवणारी गोष्ट एकच: प्रत्येकीच्या घरात एडीएचडी असलेलं एक मूल आहे. मराठीत त्याला अतिचंचलता म्हणतात, पण तो शब्द अर्धाच आहे. लक्ष हवं तिथं टिकत नाही, मनात आलेलं थांबवता येत नाही, शरीर एका जागी राहत नाही. काही मुलांत तिन्ही असतं, काहींत पहिलंच. ज्यांच्या घरी नाही त्यांना सांगायचं तर: जून ते दिवाळी पाण्याच्या पाच बाटल्या हरवतात. सातला काढलेली वही नऊला उघडी असते आणि त्यात तारीख लिहिलेली असते, बाकी काही नाही. लग्नाला गेलं तर मंगल कार्यालयात आपण जेवत नाही, आपण फक्त धावतो. आणि याच मुलाला एखाद्या गोष्टीचं वेड लागलं, की तीन तास हाक ऐकू येत नाही. मग लोक म्हणतात, बघा, मनात आलं की बसतोय की! नाटकं आहेत सगळी.

याच्या जोडीला एक वाक्य प्रत्येकीनं ऐकलेलं आहे. सासूबाई म्हणतात, आत्या म्हणतात, शेजारच्या काकू म्हणतात: “आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं.” वाईट हेतूनं म्हणत नाहीत. पण त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग न बोलताच खोलीत येऊन बसतो. आमच्या वेळी नव्हतं, म्हणजे तुमच्यामुळे झालं.

म्हणून आम्ही ठरवलं, की त्यांच्या वेळी खरंच नव्हतं का ते बघू. ग्रंथालयं पालथी घातली, डॉक्टरांना विचारलं, जुनी पुस्तकं चाळली. जे हाती लागलं ते आज सांगतोय.

पहिला पुरावा आमच्या तोंडातच होता. नव्हतं, तर एवढे शब्द कुणासाठी केले? वांड, द्वाड, व्रात्य, हूड, अवखळ, उनाड, उपद्व्यापी. पायाला भिंगरी लागलेला. एका जागी बूड न टेकणारा. हे सगळे मुलग्यांचे शब्द आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांत कौतुक मिसळलेलं आहे. पोरगा हूड आहे म्हणताना आजीच्या चेहऱ्यावर हसू असतं. आता मुलींचे शब्द बघा. वेंधळी. धांदरट. विसराळू. हिचं चित्त कुठं थाऱ्यावर असतं? सासरी गेल्यावर काय होणार हिचं! मुलीची चंचलता बहुतेक वेळा बाहेर न दिसता डोक्याच्या आत धावत असते, त्यामुळे ती आजही दवाखान्यात उशिरा पोचते, किंवा पोचतच नाही. आमच्यातल्या दोघींना तर मुलाच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांचे प्रश्न ऐकताना जाणवलं, की आपलंच लहानपण कुणीतरी वाचून दाखवतंय. हे घराण्यात चालत येतं. जुळ्या मुलांवर जगभर झालेल्या अभ्यासांतून दिसतं, की यात मोठा वाटा आनुवंशिकतेचा आहे, दहात सात-आठ आणे... चुकलं, सोळा आण्यांच्या भाषेत बोलायचं तर बारा आणे.

एक सांगून ठेवायला हवं. प्रत्येक वांड मूल म्हणजे एडीएचडी नव्हे. बाराव्या वर्षाच्या आतच लक्षणं दिसायला हवीत, निदान सहा महिने टिकायला हवीत, फक्त घरी किंवा फक्त शाळेत नव्हे तर दोन्हीकडे दिसायला हवीत, आणि त्यापायी मुलाचं रोजचं जगणं अडायला हवं. जगभरच्या पाहण्यांचा अंदाज घेतला तर शंभर मुलांत साधारण पाच. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात तीन. प्रत्येक शिक्षिकेला ती तीन नावं पाठ असतात.

मग ही तीन मुलं पूर्वी कुठं होती? आमच्या मते बरीचशी रानात होती. गुरांमागे, नांगरामागे, तालमीत, नदीवर. साठ जणांनी पाच तास ओळीत बसायचं ही गोष्टच नवी आहे. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावात १८६३ मध्ये गायकवाडांच्या घरी एक मुलगा जन्मला, गोपाळ. बारा वर्षांचा होईपर्यंत तो शेतकऱ्याच्या पोरासारखा वाढला, अक्षरओळखही नव्हती. १८७५ मध्ये त्याला बडोद्याच्या गादीवर दत्तक घेतलं आणि एकदम गुरू, वेळापत्रक, भाषा, हिशोब सगळं सुरू झालं. एलियट नावाचे इंग्रज शिक्षक खास त्याच्यासाठी नेमले. तेच पुढे महाराज सयाजीराव. महाराजांना काही एडीएचडी वगैरे होती असं आम्ही म्हणत नाही, उगाच कुणी गैरसमज करून घेऊ नये. सांगायचं वेगळंच आहे. बाराव्या वर्षापर्यंत रानात वाढलेल्या मुलाला शिकवता येतं, फक्त त्याच्यापुरता एक शिक्षक लागतो. याच महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली होती, १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात ते लागू केलं. हे झालं नसतं तर आम्ही आठजणी आज इथं बोलत नसतो, चुलीपुढे असतो. पण प्रत्येक मूल शाळेत आलं, तेव्हा प्रत्येक मुलाच्या वाट्याला एकेक शिक्षक येणं शक्य नव्हतं. बाक आला, घंटा आली, ओळ आली. आणि ज्याला बाकावर बसणं जमत नाही, ते मूल पहिल्यांदा सगळ्यांच्या डोळ्यांत आलं.

हे इंग्लंडातही त्याच सुमाराला घडत होतं. १९०२ च्या मार्चमध्ये लंडनला जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं डॉक्टरांपुढे तीन व्याख्यानं दिली. वीस मुलांचं वर्णन त्यानं केलं. बुद्धीनं ठीक, पण लक्ष ठरत नाही, मनात आलं की करून मोकळी, शिक्षेचा परिणाम तासभर टिकतो. पंधरा मुलगे, पाच मुली. आमच्यातल्या एकीनं त्याचा मराठीत सारांश करून वाचला, तेव्हा बाकीच्या सातजणी आपापल्या मुलाचं नाव पुटपुटत होत्या. स्टिलनं या स्थितीला नाव काय दिलं? नैतिक ताब्यातला दोष. म्हणजे डॉक्टरनं बघितलं नीट आणि शब्द मात्र पाद्र्याचा वापरला. तरी त्यानं एक गोष्ट स्पष्ट नोंदवली, की चांगल्या सांभाळणाऱ्या घरांतही अशी मुलं आहेत, म्हणजे हे केवळ वाढवण्याच्या चुकीनं होत नाही. ही नोंद होऊन सव्वाशे वर्षं होत आली. आमच्या वाड्यातल्या काकूंपर्यंत ती अजून पोचायची आहे.

याच काळात रोममध्ये मारिया माँटेसरी नावाच्या डॉक्टरीणबाई एका वेगळ्या वाटेनं चालल्या होत्या. माँटेसरी म्हटलं की आपल्याला रंगीत ठोकळे आणि महागडी फी आठवते. पण बाईंनी कामाची सुरुवात केली ती शाळेनं ज्यांना नाकारलं अशा मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांपासून. त्यांच्यासाठी केलेली हाताळायची साधनं त्यांनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीतल्या बालघरात इतर मुलांना दिली. मूल हातानं शिकतं, चालता-फिरता शिकतं, हा विचार जगभर गेला तो तिथून. बसू न शकणाऱ्यांसाठी शोधलेली पद्धत बसू शकणाऱ्यांच्याही कामी आली, हे आम्हाला फार आवडलं.

ती पद्धत आपल्याकडे आणली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. ताराबाई मुंबईच्या पदवीधर, राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्य. ती नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाईंबरोबर लहान मुलांत काम करायला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला. मुलाला मारू नका, भीती दाखवू नका, बक्षिसाची लालूचही नको, असं त्या दिवसांत उघड सांगणं म्हणजे विनोदाचाच विषय. ताराबाईंचा स्वतःचा संसार मोडलेला, पदरात मुलगी. आई म्हणून कुणी काय काय म्हटलं असेल ते त्या काळातल्या बाईला सांगायला नको.

१९४५ मध्ये ताराबाईंनी समुद्राकाठच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि तिथं त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई आपल्या ओळखीच्या निघाल्या. बालपणी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, मग शिक्षण, आणि नोकरीची पहिली वर्षं आपल्या निफाड तालुक्यातल्या चांदोरीच्या शाळेत. चांदोरी म्हणजे गोदावरीला पूर आला की बातम्यांत पाण्यात उभी दिसणारी देवळं. आमच्या ओझरच्या मैत्रिणीचं माहेर तिथून जवळ. तिला हे माहीतच नव्हतं.

बोर्डीत काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. बालवाडी काढली, पण वस्तीतली मुलं येईनात. आणायला गेलं तरी टिकेनात. तेव्हा ताराबाई-अनुताईंनी मुलांना दोष दिला नाही, आयांनाही नाही. बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आपण आज सरकारी योजनेच्या पाटीवर वाचतो, त्याचा उगम हा. १९५७ मध्ये त्या कोसबादच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत गेल्या. तिथली मोठी मुलं दिवसभर गुरं चारत. मग शाळा कुरणात गेली, गुरं चरत असताना मुलं शिकली. त्याचं नाव कुरणशाळा. मूल शाळेत मावत नसेल तर शाळेचा आकार बदलायचा, हे दोन मराठी बायकांनी पन्नासच्या दशकात करून दाखवलं. आमच्या मुलांना सगळ्यात जास्त काय हवं असं विचारलं तर आम्ही कोसबादचं नाव घेऊ. पन्हाळी घराची इंग्रजी शाळा, एसी वर्ग, स्मार्ट बोर्ड हे सगळं असून मुलाला तासाभरात एकदा उठून पाणी पिऊन येऊ देत नाहीत. एकीच्या मुलाला डायरीत सलग अकरा दिवस लाल शेरा मिळाला: जागेवर बसत नाही. बाराव्या दिवशी तिनं खाली लिहून पाठवलं, “माहीत आहे.” एवढंच. (तिला शाळेत बोलावणं आलं, पण मग बाईंशी नीट बोलणंही झालं. आता तो फळा पुसतो, वह्या गोळा करतो, सूचनेचा कागद घेऊन दुसऱ्या वर्गात जातो. उठायला निमित्त मिळालं, शेरे थांबले.)

१९३७ सालात दोन गोष्टी झाल्या. मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयानं मुलांच्या मनाच्या अडचणींसाठी देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. तेच विद्यालय आज टाटा इन्स्टिट्यूट म्हणून ओळखलं जातं. आणि त्याच वर्षी अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरनं एक निबंध छापला. त्याच्या इस्पितळात मुलांची डोकी फार दुखत, म्हणून त्यानं तीस मुलांना बेन्झेड्रिन नावाचं उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखी विशेष कमी झाली नाही, पण निम्मी मुलं अभ्यासाला बसू लागली. मुलं स्वतःच त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणायला लागली. ते इस्पितळ कुणी काढलं होतं, हे वाचून आम्ही थांबलो. एका श्रीमंत जोडप्याची एम्मा नावाची मुलगी सात वर्षांची असताना मेंदूच्या तापानं कायमची अधू झाली. तिच्यासाठी उपचार कुठंच नव्हते. आईबापांनी मृत्युपत्रात आपलं घर आणि पैसा अशा मुलांच्या इस्पितळाला ठेवला.

पुढे १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पानिझोन नावाच्या रसायनतज्ज्ञानं मिथिलफेनिडेट तयार केलं. त्याची बायको मार्गरीट टेनिस खेळायला जाण्याआधी ते घेई म्हणे. लाडानं तो तिला रिटा म्हणायचा, म्हणून औषधाचं नाव रिटालिन. एडीएचडीच्या गोळीला एका बायकोचं नाव आहे हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं! आपल्याकडे हे औषध १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, त्यामुळे ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तर नाहीच. कायदा योग्यच आहे. पण काउंटरवर चिठ्ठी पुढे केल्यावर दुकानातला मुलगा आपल्याकडे ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेची सवय व्हायला वेळ लागतो. आमच्यातल्या तिघींची मुलं औषध घेतात, एकीनं घेऊन बंद केलं, बाकीच्यांना लागलं नाही. कुणी कुणाला कमी लेखत नाही, असा आमच्यात नियम आहे. औषधाचा निर्णय डॉक्टरांचा आणि तुमचा. आमच्या भाषणावरून घेऊ नका.

नावंही बदलत गेली. साठच्या दशकापर्यंत डॉक्टर मेंदूला झालेली बारीक इजा असं धरून चालत, जरी इजा कुठं दिसत नसली तरी. १९६८ मध्ये अमेरिकी मानसोपचारांच्या ग्रंथात बालपणीची अतिक्रियाशीलता असं आलं. १९८० मध्ये लक्ष हा मुख्य मुद्दा झाला, आणि १९८७ पासून एडीएचडी हे आजचं नाव. सत्तरच्या दशकात साखर आणि खाण्याच्या रंगांवर खापर फुटलं, ते अजून आपल्या घराघरात फुटतंय. चॉकलेट बंद करा, मैदा बंद करा. नंतर तपासून पाहिलं तर साखरेचा दोष दिसला नाही, तरी स्वयंपाकघर आईचं असल्यामुळे हा आरोप लोकांना सोयीचा पडतो. दृष्ट काढली, मीठमोहरी झाली, वणीच्या देवीला नवस बोलून झाला. त्यात काही वाईट नाही. नवस फेडायला गेलो तेव्हा साडेचारशे-पाचशे पायऱ्या आमची मुलं दोनदा चढून उतरली, आम्ही एकदा.

आता नाशिककडे परत येतो. आपल्या गावात रजनीताई लिमये नावाच्या एक शिक्षिका होत्या. त्यांचा मुलगा मतिमंद होता. त्याच्यासाठी शाळा शोधताना त्यांना मिळाली नाही, म्हणून १९७७ मध्ये त्यांनी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं. आज ती संस्था नाशिकला सगळ्यांना माहीत आहे. २०१८ च्या जानेवारीत रजनीताई गेल्या. ऱ्होड आयलंडचे आईबाप आणि नाशिकच्या रजनीताई, दोन्हीकडे गोष्ट एकच दिसते: आधी घरात मूल, मग दारोदार, मग स्वतःच दार उघडणं. रजनीताईंच्या पिढीतल्या आयांनी निदान एवढं केलं, की अशा मुलाला माजघरात लपवायचं नसतं हे गावाला शिकवलं.

आमची मुलं मात्र मधल्या फटीत राहतात. रजनीताईंच्या शाळेत त्यांची जागा नाही, कारण बुद्धी साधारण आहे. साध्या शाळेत ती बसत नाहीत. कायद्यातही तसंच. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस झाले. त्यात स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली, पण एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. ज्या मुलाला दोन्ही आहे त्याला अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो. ज्याला फक्त एडीएचडी आहे, त्याच्या आईला टेबलाटेबलावर जाऊन समजावत बसावं लागतं. तेव्हा तपासणी करताना अध्ययन अक्षमतेची चाचणीही मागून घ्या. पुष्कळ मुलांत दोन्ही बरोबर असतं.

दोन गोष्टी मात्र हातात आहेत आणि त्या फार जणींना ठाऊक नसतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या सतराव्या कलमानं मुलाला मारायला बंदी आहे आणि मानसिक छळालाही. वर्गाबाहेर रोज उभं करणं, सगळ्यांसमोर वेडा म्हणणं यावर बोलायला ते कलम पुरतं. भांडायच्या आधी एकदा शांतपणे त्याचा उल्लेख करून बघा. दुसरी गोष्ट, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ च्या फेब्रुवारीत तो पालघरला सुरू झाला. अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत डॉक्टरांचं पथक येऊन मुलं तपासतं. त्यांच्याकडच्या तीस तक्रारींच्या यादीत एडीएचडीचं नाव आहे. कोसबादची टेकडी आज पालघर जिल्ह्यातच येते. अनुताई १९९२ मध्ये गेल्या, त्यांनी हे पाहिलं नाही. पथक आलं की तोंड उघडून विचारा. न विचारता ते दात आणि डोळे बघून जातात.

राहता राहिले साने गुरुजी. त्यांच्यावर रुसून आम्ही सुरुवात केली होती, म्हणून त्यांच्याबद्दल पुन्हा वाचलं. तुरुंगात जाण्याआधी, १९२४ ते १९३० या काळात, गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त, अंथरुणं तशीच पडलेली. गुरुजी रागावत नसत. मुलं शाळेत गेली की स्वतः झाडू घेत, अंथरुणाच्या घड्या घालत, कपडे धुऊन टाकत. रोज. मुलं लाजून हळूहळू स्वतः करायला लागली, असं सांगतात. आम्हाला आमच्या समुपदेशक बाई जे सांगतात ते जवळपास हेच आहे. जी शिस्त मुलाच्या आत अजून तयार नाही, ती काही वर्षं बाहेरून मोठ्यानं पुरवायची. दाराशी बुटांची ठरलेली जागा, भिंतीवर मोठं घड्याळ, एका वेळी एकच सूचना, आणि ती सुद्धा खांद्याला हात लावून. दहा मिनिटं अभ्यास, मग गच्चीवर एक चक्कर. गुरुजींना कुणी एडीएचडी शिकवली नव्हती.

आणि श्याम? लोक त्याला आदर्श बाळ समजतात, पण पुस्तक पुन्हा उघडून बघा. पोहायला जायची भीती वाटून घरात लपून बसणारा, हट्टी, रुसणारा, खोटं बोलून पस्तावणारा मुलगा आहे तो. त्या आईनं त्याला पोहायला धाडायला मारलंही आहे, आणि नंतर तिचाच जीव कळवळलाय. ती खरी बाई, यशोदाबाई, १९१७ मध्येच वारली. आपल्यावर पुस्तक लिहिलं जाणार आहे हे तिला माहीत नव्हतं. गरिबी, कर्ज, आजारपण यांतून ती जमेल तसं करत होती. पुढं त्या मुलानं तुरुंगात बसून आठवलं ते प्रेम. गुणपत्रिका त्यानं लिहिली नव्हती, ती आपण केली.

गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकीनं आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला हे पुस्तक वाचून दाखवायला घेतलं. पुस्तकातल्याप्रमाणेच, एका रात्री एक प्रकरण. पहिल्या रात्री तो पलंगावरून खाली, खालून वर. दुसऱ्या रात्री पाय भिंतीला लावून डोकं खाली. पोहण्याच्या प्रकरणाला तो खोलीत गोल गोल फिरत होता, मधेच पंख्याचं बटण खालीवर करून आला. ती वाचत राहिली, रागावली नाही, पण मनात म्हणाली, वाया चाललंय सगळं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तो सासूबाईंच्या कॉटवर उभा राहून ती गोष्ट त्यांना सांगत होता. विहीर, कमरेला बांधलेलं, पोरांचा आरडाओरडा, घरी आल्यावर आईचं रडणं. एकही गोष्ट सुटली नव्हती. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “याचा आजोबापण असाच उभ्या उभ्या सांगायचा.”